बस्टरलाही चालतील अशा कुकीज

एल्डर क्रीक, मिनेसोटा
३ नोव्हेंबर

प्रिय लव्हॉन,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. हे आधीच लिहितो, कारण गेल्या खेपेला माझं पत्र आलं ते आर्डिस गेल्यावर. त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर मी लिहिलं नाही नि तूही नाही. फोन केला असता, पण फोन कानाशी नेला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं. मग मी नुसतं हो हो म्हणतो. अशा हो हो मधून गेल्या वर्षी एका माणसाने माझ्या गळ्यात तीन वर्षांची मासिकं बांधली. ट्रॅक्टरची. माझ्याकडे ट्रॅक्टर नाही.

तर, मला साखरेचा आजार निघाला आहे. डॉक्टरीण पोरसवदा आहे, हसत हसत सांगते. म्हणाली, पाव बंद, बटाटा बंद, केक बंद. मी विचारलं, मग चालू काय आहे? म्हणाली, चालणं.

दिवसभर निभतं. चार वाजता कॉफी करतो तेव्हा कठीण जातं. आर्डिस त्या वेळेला ओट्सच्या कुकीज काढायची. दोन तिला, दोन मला. आता मी कॉफी घेऊन बसतो आणि समोरच्या खुर्चीकडे बघतो. खुर्चीचं जाऊ दे, तिला इलाज नाही. कुकीला असेल असं वाटतं. डॉक्टरीण म्हणते, साखर न घालता आणि पीठ कमी करून घरी केल्या तर एखादी चालेल. पण आर्डिसने कृती कधी लिहून ठेवली नाही. तुम्ही दोघी लहानपणी आईच्या हाताखाली एकत्र शिकलात, तेव्हा तुला ठाऊक असणार. मी आठवीत शाळा सोडली आहे हे लक्षात ठेवून सोपं करून लिही.

बस्टर कसा आहे? आर्डिसच्या अंत्यविधीला आला होता तेव्हा आमच्या शेगडीजवळच्या गालिच्यावर शेपटीत नाक खुपसून झोपला होता, ते मला आठवतं. तुझ्याजवळ तो आहे हे एक बरं आहे. नाहीतर तिथे डकोटात एकट्या बाईची काळजी करत मी रात्री जागलो असतो. मला काळज्या काही कमी नाहीत. छपराला बर्फाचे सुळे आत्तापासूनच लटकायला लागले आहेत.

तुझा मेव्हणा,
ऑर्विल


हेटन, नॉर्थ डकोटा
१२ नोव्हेंबर

प्रिय ऑर्विल,

पाकीट बघून मी घाबरलेच. पहिली ओळ पाकिटाच्या बाहेर लिहायची असते, शहाण्या.

कृती अशी. दोन वाट्या ओट्स, एक वाटी मैदा, दोन अंडी, एक वाटी लोणी, दालचिनी, चमचाभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ, मूठभर मनुका. तू मैदा काढून टाक, त्याच्या जागी बदामाचं पीठ घाल. ओट्स निम्मे कर, राहिलेली जागा अक्रोडाने भर. मनुका म्हणजे नुसती साखर, त्या विसर. वाटीभर साखर असते, तिच्या जागी काय घालायचं ते तुझ्या हसऱ्या डॉक्टरणीला विचार. पीठ कालवल्यावर तासभर थंडीत ठेव, नाहीतर ओव्हनमध्ये सगळ्या कुकीजची मिळून एकच पोळी होईल. आणि लोणी वितळवू नकोस, मऊ होऊ दे. लोणी मऊ होईपर्यंत आर्डिस गप्पा मारायची. तू कुणाशी मारणार देव जाणे. रेडिओ लाव.

ओव्हन बंद केलास का हे तीनदा बघशील ते मला माहीत आहे. एकदा पुरे.

बस्टर मजेत आहे. आता फार झोपतो. फिरायला चल म्हणून दाराशी येऊन भुणभुण करत नाही. त्याचा मला काही म्हणता काही त्रास नाही. तू माझी काळजी करू नकोस.

लव्हॉन


एल्डर क्रीक
२२ नोव्हेंबर

प्रिय लव्हॉन,

पहिला घाणा दाराला अडसर म्हणून लावता येईल असा झाला. दुसरा बरा होता, पण मी एका बैठकीत सहा खाल्ल्या. रात्रभर पोटात ढोल वाजत होते. गोडीला मी बर्चच्या झाडाची साखर घातली आहे. दुकानात पांढऱ्या पिशवीत मिळते. दिसायला अगदी साखर, पण साखरेच्या आजाऱ्याला चालते म्हणतात. पिशवीवर बर्चचं झाड काढलेलं आहे. आपल्या कुंपणापाशी आहे तसंच, म्हणून मला तिचा विश्वास वाटला. मागच्या बाजूला पुष्कळ मजकूर आहे, पण तो मुंगीच्या पायांसारखा. डॉक्टरीण म्हणाली, चालेल, पण दोनच्या वर नको. हे तिने आधी सांगायचं.

तिसरा घाणा जमला. वरून खरपूस नाही होत, ही साखर तांबूस होतच नाही. पण दालचिनीचा वास घरभर गेला. मी बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो आणि वास तिथे येईपर्यंत थांबलो. आर्डिस करायची तेव्हा मी तिथेच बसायचो.

निम्म्या कुकीज या निळ्या डब्यातून पाठवतो आहे. डबा आर्डिसचा आहे. आणि एक चांगली गोष्ट सुचली. तू बस्टरला तिच्या कुकीज कधी खाऊ देत नसायचीस, मनुका कुत्र्यांना बाधतात म्हणून. तो बिचारा टेबलाखाली लाळ गाळत बसायचा. यात मनुका नाहीत! म्हणजे बस्टरलाही चालतील. त्याला एक दे आणि ऑर्विलने दिली म्हणून सांग.

चर्चमध्ये माझी पंचाईत झाली आहे. प्रार्थनेनंतर कॉफीबरोबर केक फिरतो. आपली रीत तुला माहीत आहे, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. मी तिसऱ्यांदाही नको म्हणतो, तर लोकांना वाटतं मी रुसलो आहे. केक फिरवणाऱ्या मर्लिसने तर विचारलं, ऑर्विल, चर्च बदलताय का?

नाताळला इकडे येतेस का? बस येते गावापर्यंत. घर मोठं आहे.

ऑर्विल


हेटन
१ डिसेंबर

प्रिय ऑर्विल,

डबा पोचला. खरं सांगू का? पहिला घास कापूर चघळल्यासारखा गार लागला. दुसऱ्या घासाला दालचिनी आली आणि तिसऱ्याला आईचं स्वयंपाकघर. मग मी दुसरी खाल्ली. तुझ्या ढोलांची गोष्ट वाचलेली होती म्हणून दोनवर थांबले.

बस्टरने दोन खाल्ल्या. शेपटीने टेबलाच्या पायावर ठकठक करून तिसरी मागितली. मी म्हटलं, ऑर्विलने दिली. त्याने कान उभे केले.

नाताळचं म्हणशील तर नको रे. बस्टरचं वय झालंय, सहा तास बसमध्ये त्याला कसं आणू? आणि तू उगाच कशाला त्रास घेतोस?

रिकामा डबा परत करू नये, म्हणून लेफ्सा घालते आहे. बटाट्याची पातळ पोळी ती, तू खाऊ नकोस. पाखरांना घाल, नाहीतर रुसलेल्या चर्चला वाट.

लव्हॉन


एल्डर क्रीक
७ डिसेंबर

प्रिय लव्हॉन,

लेफ्साची एक पोळी मी खाल्ली. डॉक्टरणीला सांगू नकोस. बोटाला टोचून रक्त तपासलं, आकडा बघितला नि यंत्र खणात टाकून दिलं.

बस्टरने शेपटी ठोकली हे वाचून मी दिवसभर खूश होतो. काठी घेऊन टपालपेटीपर्यंत दोनदा गेलो, दुसऱ्यांदा काही काम नव्हतं. या डब्यात खालच्या थरात छोट्या छोट्या आहेत त्या खास त्याच्या. हाडाच्या आकाराच्या करायला गेलो, झाल्या बुटासारख्या. त्याला आकाराचं काय. दात नसतील तर दुधात बुडवून दे.

तू नाही म्हणालीस ते मी समजू शकतो. पण विचार केला की बस्टरला घेऊनच ये. शेगडीजवळचा गालिचा झटकून ठेवला आहे. बसवाले कुत्रा घेत नसतील तर मर्लिसचा नवरा कांदे घेऊन तुमच्या बाजूला येतो, त्याला विचारीन. ट्रकमध्ये जागा असते. कांद्याचा वास येईल तेवढाच.

खोली वरची देऊ की खालची, हे मी ठरवत बसलो आहे. वरची उबदार आहे पण जिना उभा आहे. खालची थंड आहे. जिन्यावरून पडलीस तर काय करायचं हेच डोक्यात येतं.

ऑर्विल


हेटन
१४ डिसेंबर

प्रिय ऑर्विल,

अजून मी आलेलेही नाही आणि तू मला जिन्यावरून पाडलंस.

नको, ऑर्विल. रस्त्यावर बर्फाचा थर आहे. बस्टरला परक्या घरात झोप येत नाही. तो आता एका जागी पडून असतो, त्याला हलवणं माझ्याच्याने होणार नाही. तू त्या कांदेवाल्याला माझ्यापायी गळ घालू नकोस.

बुटांच्या आकाराच्या कुकीज पोचल्या. खूप हसले. त्या मी एका काचेच्या बशीत मांडून ठेवल्या आहेत.

डबा अजून रिकामा झालेला नाही, म्हणून वेगळ्या पुडक्यात हातमोजे पाठवते आहे. डाव्याचा अंगठा थोडा मोठा झाला आहे, तुझा अंगठाही मोठाच आहे. नाताळच्या शुभेच्छा.

लव्हॉन


एल्डर क्रीक
९ जानेवारी

लव्हॉन,

कसं लिहू कळत नाही. घाईत लिहितो आहे, अक्षर लागलं नाही तर चालवून घे.

आज चर्चमध्ये मी माझ्याच कुकीज घेऊन गेलो होतो, म्हणजे केकच्या वेळी माझ्या हातात काहीतरी असावं. मर्लिस खाता खाता म्हणाली, छान झाल्यात, गोडीला काय घातलंत? मी सांगितलं बर्चची साखर. आणि फुशारकी मारली की माझ्या मेव्हणीचा कुत्रासुद्धा खातो. मर्लिस जनावरांच्या डॉक्टरकडे कामाला असते. तिने कुकी खाली ठेवली.

‘कुत्र्याला? ऑर्विल, कुत्र्याला घातलीत?’

मी म्हटलं, ‘मनुका नाहीत त्यात.’

ती म्हणाली, ‘अहो, मनुकांचं काय घेऊन बसलात! ही साखर कुत्र्याला विष आहे. माणसाला काही होत नाही, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, यकृत जातं. आधी फोन करा!’

घरी येईपर्यंत दोनदा घसरलो. पिशवी काढली, भिंग घेतलं आणि मागचा मुंगीच्या पायांचा मजकूर वाचला. एकेक अक्षर लावत वाचला. तिथे लिहिलेलं आहे. पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

मग मी तुला फोन केला. तू उचललास. यंत्र शिट्टी मारत होतं म्हणून मी ते काढून टाकलं आणि ओरडत राहिलो, बस्टरला देऊ नकोस, बस्टर कसा आहे, बस्टर, बस्टर. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही. पण तू रडत होतीस हे कळलं. तेवढं बहिऱ्यालाही कळतं. मग तू फोन ठेवलास.

म्हणजे तो गेला. मीच खास त्याच्यासाठी म्हणून केल्या, लहान लहान. दुधात बुडवून दे असंही मीच लिहिलं. तुझ्या घरात तेवढा एक जीव होता, तो मी टपालाने मारला. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही, कारण तू ती देशील आणि मग मला आणखी वाईट वाटेल.

पिशवी कचऱ्यात टाकली. नंतर वाटलं एखादं भटकं कुत्रं तोंड घालेल, म्हणून परत काढली आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. आता ती घरात आहे या विचाराने झोप येणार नाही.

ऑर्विल


हेटन
१३ जानेवारी

प्रिय ऑर्विल,

खुर्चीवर बस आणि मग वाच. कॉफी घे.

तू बस्टरला मारलं नाहीस. तुझ्या कुकीजचा एक कणही त्याच्या तोंडात गेला नाही. बस्टर ऑक्टोबरमध्ये गेला, तुझं पहिलं पत्र येण्याआधी. म्हातारपणाने गेला, सकाळी उठलाच नाही. शेजारच्या एल्डनने परसात सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा खणून दिला. जमीन गोठायच्या आत गेला, तेवढी त्याने माझी सोय बघितली.

मग तुझं पत्र आलं. तू लिहिलं होतंस, बस्टर आहे म्हणून मी तुझी काळजी करत नाही. तुला ओळखते मी. आर्डिस म्हणायची, ऑर्विलला काळजी द्यायची तर आधी जुनी एखादी काढून घ्यावी लागते, जागाच नसते. म्हणून लिहिलं की तो मजेत आहे. एकदा लिहिलं की झालं, असं वाटलं होतं.

पण पुढच्या पत्रात तू त्याच्यासाठी कुकीज पाठवल्यास. मी टेबलापाशी बसले होते आणि घरात आवाज नव्हता. लिहायला लागले की तो शेपटी ठोकतो आहे, आणि खरंच ऐकू आलं. पत्र लिहून होईपर्यंत तो टेबलाखाली होता. तुला लिहिताना तेवढा वेळ माझ्याजवळ तो असायचा. म्हणून मी लिहीत गेले. तुझ्या बुटांच्या आकाराच्या कुकीज अजून काचेच्या बशीत आहेत, त्याच्या वाटीशेजारी. वाटी मी रोज धुते. हे कुणाला सांगू नकोस.

फोनवर मी रडले ते यासाठी की तू त्याचं नाव घेऊन ओरडत होतास. तीन महिने या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. मी सांगत होते, ‘ऑर्विल, तो आधीच गेलाय रे, तू काही केलेलं नाहीस.’ चारदा सांगितलं. तू आपला बस्टर, बस्टर. शेवटी मी फोन ठेवला.

तुला चार रात्री छळलं, त्याबद्दल रागाव. तो हक्क आहे तुझा.

आता एक तुझ्यावरचा राग सांगते. नाताळला ये म्हणून तू दोनदा विचारलंस. मी दोनदा नको म्हटलं, कुत्र्याचं निमित्त करून, मेलेल्या कुत्र्याचं. मग तू थांबलास. मी रोज टपालपेटीपर्यंत जात होते. चोवीस तारखेलासुद्धा गेले. दोनदा नाही म्हणजे नाही, हे तुला कुणी शिकवलं? तू मूळचा मिनेसोटाचाच ना?

लव्हॉन


एल्डर क्रीक
१८ जानेवारी

प्रिय लव्हॉन,

राग आला. संध्याकाळपर्यंत टिकला. मग कॉफीची वेळ झाली आणि मी बस्टरसाठी रडलो, कारण आता मला तसं रडता येत होतं. मी मारलेल्या कुत्र्यासाठी मला रडता आलं नव्हतं.

मग तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचलं, सावकाश, पिशवीचा मागचा मजकूर वाचला तसं. चोवीस तारखेला तू टपालपेटीशी होतीस. मी घरी होतो. दोन बश्या मांडल्या होत्या, कारण एक मांडली की मेज उघडं दिसतं. दोन कुकीज माझ्या बशीत नि दोन दुसऱ्या बशीत. नंतर चारही मीच खाल्ल्या. पुन्हा ढोल.

आग्रह करणं हे आमच्या घरात आर्डिसचं खातं होतं. ती दाराशी उभी राहून लोकांना तिसऱ्यांदा विचारायची, मी मागे कोट हातात घेऊन उभा. मला विचारलं असतं तर मी पहिल्या नकारालाच कोट देऊन टाकले असते. मला भीती वाटते, लव्हॉन. समोरच्याला खरंच यायचं नसेल तर काय, हे मनात येतं आणि तोंड बंद होतं. चर्चमध्ये मी केक तीनदा नाकारायला शिकलो, पण तीनदा विचारायला शिकलो नाही.

म्हणून आता मोजून लिहितो. हे तिसरं.

इकडे ये. पाहुणी म्हणून नको, चार दिवसांसाठीही नको. बर्फ वितळेपर्यंत राहा. मग बघू. वरची खोली उबदार आहे आणि जिन्याला मी दोन्ही बाजूंनी कठडा लावून घेतला आहे. बस मंगळवारी आणि शुक्रवारी येते. दोन्ही दिवस मी थांब्यावर असेन, या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात आणि त्याच्या पुढच्याही. मर्लिस म्हणते तिथे उभं राहून गोठाल. मी म्हटलं, अंगठा मोठा असलेले हातमोजे आहेत माझ्याकडे.

गालिचा शेगडीजवळ आहे तसाच राहू दे असं वाटतं. बस्टरची वाटी आणायची असेल तर आण. आपण आर्डिसचं नाव मोठ्याने घेऊ, बस्टरचंही घेऊ. माझ्यापुढे काही लपवायला लागणार नाही, मला अर्धं ऐकूच येत नाही.

उद्या लोणी बाहेर काढतो. मऊ होईपर्यंत गप्पा मारायला कुणी नाही, म्हणून तुझंच पत्र मोठ्याने वाचीन.

निळा डबा तुझ्याकडे आहे. तो टपालाने पाठवू नकोस. आणि त्यात काही भरूही नकोस, या खेपेला रिकामाच चालेल. हातात घेऊन ये.

ऑर्विल